एकट्याने गेम बनवताना कामाचा आवाका कसा मोजायचा

एकट्याने गेम बनवायला घेतलेली बहुतेक माणसं कोड जमत नाही म्हणून थांबत नाहीत. पात्र उडी मारतं, शत्रू मागे लागतो, कोपऱ्यातला स्कोअर वाढतो. इथवर पोचायला थोडे शनिवार-रविवार पुरतात आणि शिकवणारे व्हिडिओ तर रग्गड आहेत. अडतं ते त्यानंतर. गेम पडद्यावर जवळपास झालेला दिसतो आणि उरलेल्या कामांची यादी मात्र दर आठवड्याला लांबत जाते. ही यादी कुठून येते ते आधी माहीत असेल तर ती आटोक्यात ठेवता येते. तुम्हाला एखादी प्रोग्रॅमिंगची भाषा थोडीफार येते आणि गेमसाठी संध्याकाळचे काही तासच हाताशी आहेत, असं धरून पुढचं लिहिलं आहे.

सुरुवातीलाच दोन गेम शेजारी ठेवून पाहा. लुकस पोप यांचा 'पेपर्स, प्लीज' २०१३ साली आला. तो साधारण नऊ महिन्यांत तयार झाला होता. एरिक बॅरोन यांच्या 'स्टारड्यू व्हॅली'ला साडेचार वर्षं लागली, तीही अनेकदा दिवसाला दहा-दहा तास बसून. तो फेब्रुवारी २०१६ मध्ये आला. दोघांनीही कोड, चित्रं, संगीत सगळं स्वतःच केलं. फरक आहे तो गेमच्या घडणीत. पहिल्यात एक टेबल, एक खिडकी आणि कागदपत्रं. खेळाडू धावत नाही, उड्या मारत नाही, जवळजवळ सगळं एकाच पडद्यावर घडतं. दुसऱ्यात शेती, मासेमारी, खाणी, ऋतू, सण आणि आपापलं वेळापत्रक पाळणारे गावकरी, आणि यातली प्रत्येक गोष्ट बाकीच्यांना कुठे ना कुठे शिवते. कामाचा आवाका या शिवण्यावर ठरतो. वस्तू किती आहेत, यापेक्षा त्या एकमेकींत किती गुंतल्या आहेत ते मोजायला शिकायचं.

१. आधी एक अगदी छोटा गेम शेवटपर्यंत न्या

पडद्याच्या तळाशी एक फळी, वर विटा, मध्ये उसळणारा चेंडू. एवढाच गेम घ्या. पण तो 'झाला' कधी म्हणायचं, याबाबत कडक राहा. सुरुवातीचा पडदा हवा. आवाज हवेत आणि ते बंद करता यायला हवेत. गेम मध्येच थांबवता यायला हवा. सर्वाधिक स्कोअर कॉम्प्युटर बंद करून चालू केल्यावरही टिकायला हवा. आणि दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनवर, वेगळं काहीही इन्स्टॉल न करता, तो चालायला हवा. चेंडू उसळवण्याचं काम एका संध्याकाळचं आहे. बाकीचं दोन-तीन आठवडे सहज खातं. हे प्रमाण नुसतं वाचून पटत नाही, म्हणून हा गेम करायचा.

गेम जॅममध्ये, म्हणजे ठरावीक वेळेत गेम करायच्या स्पर्धेत, भाग घेणं हा याचाच झटपट मार्ग. २००२ साली सुरू झालेल्या 'लुडम डेअर'च्या एका प्रकारात एकट्याने ४८ तासांत गेम पुरा करायचा असतो. मात्र जॅममधल्या यशावरून पूर्ण गेमचा हिशेब मांडू नका. 'सेलेस्ट' हा मुळात दोघांनी चार दिवसांत केलेला चिमुकला गेम होता. जानेवारी २०१८ मध्ये आलेलं त्याचं पूर्ण रूप घडवायला टीम लागली आणि दोन वर्षांहून जास्त काळ गेला.

२. क्रिया आणि वस्तूंचा तक्ता काढा

आता खरा गेम. दहा ओळींत तो कागदावर लिहा आणि त्यातून दोन याद्या काढा. खेळाडू काय काय करू शकतो, ही एक. जगात काय काय आहे, ही दुसरी. समजा चालणं, उडी, वार, उचलणं, फेकणं आणि बोलणं अशा सहा क्रिया आहेत, आणि दार, पेटी, शत्रू, पाणी, शिडी अशा दहा वस्तू. तक्ता मांडला की साठ चौकटी होतात. प्रत्येक चौकटीला उत्तर हवं. पाण्यात उभं राहून पेटी फेकली तर? शिडीवर असताना वार केला तर? शत्रू उचलता येतो का? 'काहीच होत नाही' हेही उत्तर चालतं, पण तेही तुम्हालाच ठरवावं लागतं, कोडमध्ये लिहावं लागतं आणि तपासावं लागतं.

इथेच घोडं पेंड खातं. अर्ध्यातून कधीतरी वाटतं, पात्राला पोहता आलं तर बहार येईल. पोहणं ही यादीतली एक ओळ असली तरी तक्त्यात दहा चौकटी वाढतात, शिवाय पोहतानाचं ॲनिमेशन, पाण्याखालचा आवाज, श्वास संपणं हे वेगळंच. उलट एक क्रिया काढली तर दहा चौकटी एका फटक्यात जातात. म्हणून काटछाट करायची झाली तर आधी क्रियांवर नजर टाका, लेव्हल कमी करण्याचा विचार त्यानंतर. नवशिके नेमकं उलटं करतात, कारण क्रिया हाच गेमचा जीव वाटतो. एकाच क्रियेवर उभे राहिलेले चांगले गेम आठवून पाहा, कमी नाहीत.

३. एक पेटी उघडून बघा

चौकटीच्या आत किती काम दडलेलं असतं ते दिसण्यासाठी एकच चौकट जवळून पाहू: खेळाडू पेटीजवळ जातो, बटण दाबतो, पेटी उघडते, आतून नाणं मिळतं.

पहिल्या तासात हे चालू होतं. मग प्रश्न सुरू होतात. खेळाडू पुरेसा जवळ आहे हे कसं ओळखायचं, आणि दोन पेट्या शेजारी असतील तर कुठली उघडायची? 'उघडा' ही सूचना कीबोर्डवाल्याला एका बटणाच्या चित्रासह दिसायला हवी, कंट्रोलरवाल्याला दुसऱ्या. आणि खेळता खेळता कुणी कीबोर्ड सोडून कंट्रोलर हातात घेतला तर चित्र तिथल्या तिथे बदलायला हवं. झाकण उघडत असताना शत्रूने वार केला तर ते उघडत राहतं की थांबतं? खेळाडूने घाईघाईत बटण दोनदा दाबलं तर दोन नाणी मिळतात का? झोळी भरलेली असेल तर वस्तू जाते कुठे?

आता सेव्ह. उघडलेली पेटी परत आल्यावरही उघडीच दिसायला हवी, म्हणजे प्रत्येक पेटीला स्वतःची ओळख, एक आयडी, हवा. लेव्हल एडिटरमध्ये पेटी कॉपी करून दुसरीकडे ठेवली की आयडीही कॉपी होतो, आणि मग एक उघडली की दुसरी न शिवताच रिकामी होते. लोड करताना पेटी उघडी दाखवायची, पण झाकणाचं ॲनिमेशन आणि आवाज पुन्हा वाजवायचा नाही. आणि सगळ्यांत छळणारा प्रश्न असा: नाणं ॲनिमेशन सुरू होताना द्यायचं की संपल्यावर? संपल्यावर दिलं आणि मधल्या अर्ध्या सेकंदात खेळाडूने गेम बंद केला, तर पेटी उघडी म्हणून नोंदली जाते आणि नाणं कायमचं हरवतं. यावरचा उपाय साधा आहे: पेटीची नोंद बदलणं आणि नाणं देणं एकाच क्षणी करायचं, ॲनिमेशन ही नुसती दिखाऊ बाजू ठेवायची. हा नियम पुढे दुकान, दार, बक्षीस सगळीकडे कामी येतो.

म्हणजे एक तासाची पेटी दीड-दोन दिवसांची झाली. गंमत अशी की खेळाडूला यातलं काहीच जाणवत नाही, जाणवू नयेच. दुसरी पेटी मात्र पाच मिनिटांत होते. हे दोन आकडे, पहिल्या नगाचा वेळ आणि पुढच्या नगांचा वेळ, नेहमी वेगळे लिहा.

४. इंजिन निवडा आणि विषय संपवा

इंजिन म्हणजे चित्रं, आवाज, हालचाल सांभाळणारं तयार सॉफ्टवेअर. ते निवडण्यावर लोक महिने घालवतात. गोडो मोफत आहे, एमआयटी लायसन्सखाली खुलं आहे आणि टूडी गेमसाठी नवशिक्याला चांगलं आहे. युनिटीचं शिकवणीचं साहित्य अफाट आहे. गेममेकर टूडीसाठी झटपट. 'अंडरटेल' गेममेकरमध्ये झाला, 'स्टारड्यू व्हॅली' सी-शार्प भाषेत एक्सएनए या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार कोडच्या संचावर, २०२४ मधला 'बॅलाट्रो' लुआ भाषेत लव्ह या छोट्या फ्रेमवर्कवर. खेळणाऱ्यांपैकी कुणीही हे विचारून गेम घेत नाही. स्वतःचं इंजिन लिहायची हौस असेल तर खुशाल लिहा, फक्त मग आपण इंजिन करतो आहोत, गेम नाही, हे स्वतःला स्पष्ट सांगा.

एक सावधगिरी. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने गेमच्या इन्स्टॉलवर फी लावायचं जाहीर केलं आणि बरीच ओरड झाल्यावर वर्षभराने ती फी रद्द केली. असे धक्के कुठल्याही कंपनीकडून बसू शकतात. म्हणून गेमचे नियम, म्हणजे नुकसान किती, किंमत किती, कुठल्या टप्प्यानंतर काय, हे इंजिनच्या खास गोष्टींपासून शक्य तितके वेगळ्या फाईलींत ठेवा. इंजिन बदलायची वेळ बहुधा येणार नाही, पण अशा कोडची चाचणी घेणंही सोपं जातं.

५. चौकोनांचा प्रोटोटाइप

प्रोटोटाइप म्हणजे गेमचा कच्चा नमुना. खेळाडू निळा चौकोन, शत्रू लाल चौकोन, जमीन करडी. चित्रं नाहीत, संगीत नाही, मेनू नाही. दोन आठवड्यांची मुदत घाला आणि एकाच प्रश्नाचं उत्तर शोधा: मुख्य क्रिया पुन्हा पुन्हा करावीशी वाटते का? नसेल वाटत, तर सुंदर चित्रं तिला फार काळ तारू शकत नाहीत. हा कोड नंतर टाकून द्यायचा आहे, त्यामुळे तो कसाही लिहिलेला चालेल.

इथे दोन गोष्टी मात्र पहिल्या दिवसापासून नीट करा. पहिली म्हणजे वेळेचा हिशेब. 'प्रत्येक फ्रेमला पात्र पाच पिक्सेल पुढे' असं लिहिलं की ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) दाखवणाऱ्या, मॉनिटरवर ते सेकंदाला ३०० पिक्सेल जातं आणि १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर ७२०. वेग सेकंदाच्या भाषेत लिहा आणि मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने त्याला गुणा. उडी, धडक, गुरुत्वाकर्षण हे सगळं ठरावीक अंतराने चालणाऱ्या फिजिक्सच्या फेरीत ठेवा. नाहीतर मॉनिटर बदलला की उडीची उंचीही थोडी बदलते आणि एखादी कड कुणाच्या तरी मशीनवर गाठताच येत नाही.

दुसरी गोष्ट हाताला लागणारी. उड्या मारत पुढे जायच्या प्लॅटफॉर्म गेममध्ये कडेवरून पाय सुटल्यावरही सुमारे दशांश सेकंद, म्हणजे साठच्या वेगाने सहा फ्रेम, उडीची मुभा देतात. तिला कायोटी टाइम म्हणतात. तसंच जमिनीवर टेकायच्या क्षणभर आधी दाबलेलं उडीचं बटण लक्षात ठेवून टेकताक्षणी उडी देतात. या दोन्ही सवलती लिहायला तासभर पुरतो, आणि त्या नसल्या की खेळाडू 'कंट्रोल खराब आहेत' म्हणून गेम सोडतो. 'सेलेस्ट'मधल्या पात्राचा कोड निर्मात्यांनी नंतर सगळ्यांना वाचायला खुला केला; ती एकच फाईल पाच हजारांहून जास्त ओळींची आहे. पात्र धावणं, उड्या मारणं, भिंत धरणं आणि हवेत झेप घेणं यापलीकडे फारसं काही करत नाही, तरीही.

६. एक लेव्हल पुरी करा, घड्याळ लावून

प्रोटोटाइप पटला की त्याच गेमची एकच लेव्हल अगदी विक्रीला ठेवण्याजोगी करा. खरी चित्रं, खरे आवाज, एक पूर्ण शत्रू, सेव्ह, मेनू. आणि प्रत्येक कामाला लागलेले तास वहीत लिहा. साधी वही पुरते. त्यासाठी ॲप शोधत बसू नका.

त्यानंतरच अंदाज बांधता येतो. समजायला सोपे आकडे घेऊ. एका शत्रूला १४ तास लागले आणि बारा शत्रू हवेत: १६८ तास. एका लेव्हलला २० तास आणि पंधरा लेव्हल: ३०० तास. मेनू, सेटिंग, सेव्ह, आवाजाची व्यवस्था, बिल्ड (म्हणजे दुसऱ्यांना देण्याजोगी तयार प्रत), ऑनलाइन दुकानातलं विक्रीचं पान मिळून १२० तास. बेरीज ५८८. यात तपासणी आणि दुरुस्तीसाठी निम्मे मिळवा, म्हणजे ८८२. नोकरी सांभाळून आठवड्याला दहा तास मिळत असतील तर ८८ आठवडे, पावणेदोन वर्षांच्या आसपास. आजारपण, पाहुणे, ऑफिसमधली गर्दी यात धरलेली नाही.

आता कात्री लावा. पाच शत्रू, आठ लेव्हल: ७० आणि १६०, अधिक तेच १२०, म्हणजे ३५०, दुरुस्ती धरून ५२५. वर्षभराचं काम. नीट पाहा, १२० तास दोन्हीकडे तसेच राहिले. गेम कितीही छोटा केला तरी मेनू, सेव्ह आणि बिल्ड यांची ही बैठक सुटत नाही. त्यामुळे अति छोट्या गेमचा अंदाजही हमखास चुकतो. दुसऱ्या गेमला हीच बैठक उचलून वापरता येते, म्हणून पहिला गेम लहान ठेवून दुसऱ्याकडे लवकर वळणं हिशेबाला बरं.

मुदत न हलवता कामं कमी करणं हेच एकट्या माणसाच्या हातातलं हत्यार आहे. टीम वाढवता येत नाही, आठवडा लांबवता येत नाही. रात्री जागून काही दिवस निभतं, पण थकलेल्या डोक्याने लिहिलेला कोड पुढच्या आठवड्याचे तास खातो.

७. नावडती कामं पुढे ओढा

सेव्ह, मेनू, बटणं आणि मजकूर ही चार कामं शेवटी ठेवली तर सगळा कोड पुन्हा उकरावा लागतो.

सेव्ह फाईलमध्ये पहिल्या दिवसापासून आवृत्तीचा क्रमांक लिहा. पुढे तुम्ही नवीन शस्त्र घालाल तेव्हा जुनी फाईल वाचताना काय भरायचं ते त्या क्रमांकावरून कळतं. इंजिनमधल्या वस्तू जशाच्या तशा फाईलमध्ये ओतू नका. आयडी, आकडे आणि हो-नाही एवढंच लिहा. लिहिताना थेट जुन्या फाईलवर लिहायचं नाही. आधी तात्पुरती फाईल पूर्ण लिहा, मग तिचं नाव बदलून जुनीच्या जागी आणा, आणि आदली प्रत बाजूला ठेवा. लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धवट फाईल उरते, आणि तीस तासांचा खेळ बुडालेला माणूस कुठलंही स्पष्टीकरण ऐकून घेत नाही.

बटणांच्या बाबतीत कोडमध्ये 'स्पेसबार दाबला का' असं विचारू नका, 'उडी मागितली का' असं विचारा. उडी कुठल्या बटणावर आहे ते एकाच जागी ठरू द्या. मग कंट्रोलर जोडणं आणि खेळाडूला बटणं बदलू देणं सोपं होतं. गेम थांबवला की नक्की काय काय थांबतं याची एक यादी करा: शत्रू, टायमर, धुळीचे-ठिणग्यांचे कण, आवाज. संगीत बहुधा चालू राहतं, पण बॉम्बची उलटी गिनती चालू राहून कसं चालेल?

पडद्यावरचं प्रत्येक वाक्य कोडमधून काढून एका वेगळ्या फाईलीत ठेवा. भाषांतर करायचं नसलं तरी शुद्धलेखन एका जागी तपासता येतं. देवनागरी किंवा अरबीत मजकूर दाखवायचा असेल तर पहिल्याच आठवड्यात जोडाक्षरं आणि वेलांट्या जागेवर येतात का ते पाहा. सगळ्या इंजिनांत ते आपोआप होत नाही. गोडोच्या चौथ्या आवृत्तीत अशा लिप्यांची सोय आहे.

८. स्वतःसाठी चोरवाटा ठेवा

शेवटच्या लेव्हलमधला दोष तपासायला दर वेळी वीस मिनिटं खेळावं लागत असेल आणि दिवसात दहा वेळा तपासायचं असेल, तर तीन तास वीस मिनिटं नुसती पोचण्यात जातात. तुमच्या आठवड्यातल्या दहा तासांचा तो तिसरा हिस्सा झाला. म्हणून सुरुवातीलाच काही गुप्त बटणं करून घ्या: हव्या त्या लेव्हलला उडी, अमरत्व, सगळ्या वस्तू हातात, वेळ संथ, आणि धडक मोजणाऱ्या, एरवी न दिसणाऱ्या चौकटी डोळ्यांना दिसणं. एका संध्याकाळचं काम आहे. विक्रीच्या बिल्डमध्ये ती बंद आहेत याची खात्री तेवढी करा.

शत्रूचा वेग, जीव, नुकसान असे आकडे कोडमध्ये विखरू न देता तक्त्यात ठेवा, म्हणजे ते बदलायला कोड उघडावा लागत नाही.

कोडच्या सुबकतेबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. 'व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही' या गाजलेल्या गेमचा सोर्स कोड त्याच्या दहाव्या वाढदिवशी, २०२० मध्ये, टेरी कॅव्हना यांनी खुला केला. कथेतल्या प्रसंगांसाठी त्यात शेकडो पर्यायांचं एकच लांबलचक स्विच स्टेटमेंट आहे. वाचून प्रोग्रॅमर हसले. गेम मात्र दहा वर्षं बिनबोभाट चालत होता. दर आठवड्याला हात लावावा लागतो तो कोड स्वच्छ ठेवा. एकदाच लिहून कायमचा विसरायचा आहे, त्यावर कारागिरी करत बसू नका.

९. आठवडा कसा लावायचा

दोन-दोन तासांचे तुकडे मिळत असतील तर पहिली वीस मिनिटं 'मी कुठे होतो' यातच जातात. उठण्याआधी पुढचं पाऊल एका ओळीत लिहून ठेवा: कुठली फाईल, काय बिघडलंय, आता काय करून पाहायचं. शक्य असेल तर एखादं छोटं काम मुद्दाम अर्धवट सोडा. दुसऱ्या दिवशी हात लगेच चालतो. कोड, चित्रं आणि आवाज रोज आलटून पालटून करण्यापेक्षा एकेक आठवडा एकेकाला द्या.

गिट, म्हणजे कोडच्या प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवणारं साधन, शिका आणि दर बैठकीनंतर कमिट करा, म्हणजे त्या टप्प्याची नोंद करा. एक प्रत घराबाहेरच्या सर्व्हरवर हवीच. असा सर्व्हर पुरवणारं गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाईल घेत नाही, तेव्हा मोठी चित्रं आणि संगीत यांच्यासाठी गिट एलएफएस ही जोडणी आधीच लावून घ्या.

आणि सगळं स्वतः करण्याचा हट्ट सोडा. 'अंडरटेल' टोबी फॉक्स यांचा म्हणून ओळखला जातो, पण त्याच्या चित्रांत टेमी चँग यांचा मोठा हात होता. १९९९ चा 'रोलरकोस्टर टायकून' ख्रिस सॉयर यांनी जवळजवळ सगळा असेम्ब्ली भाषेत एकट्याने लिहिला. चित्रं सायमन फॉस्टर यांची होती. संगीत किंवा फाँट विकत घेतला म्हणून गेम तुमचा राहत नाही असं नाही. फक्त लायसन्स वाचा, आणि काय कुठून घेतलं याची नोंद त्याच दिवशी करा. वर्षाने आठवत नाही.

१०. दुसऱ्याच्या हातात द्या आणि गप्प बसा

सहा-सात माणसं पुरतात, पण ती एकदम वापरून टाकू नका. गेम पहिल्यांदा पाहणारा माणूस एकदाच मिळतो. शेजारी बसा, काहीही सांगू नका, तो कुठे थांबतो ते लिहा. 'इथे दार आहे ना' असं ओठावर येतं तेव्हा ते वहीत उतरवायचं, बोलायचं नाही. लोक उपाय सुचवतील, ते नम्रपणे ऐका. पण तक्रार खरी आणि उपाय बहुधा चुकीचा, असं धरून चाला.

आलेल्या दोषांचे तीन ढीग करा. गेम बंद पडतो किंवा सेव्ह बिघडते, हा पहिला; तो त्याच दिवशी. खेळाडू पुढे जाऊ शकत नाही, हा दुसरा. बाकी सगळं तिसरा, आणि तिसऱ्यातलं बरंचसं तसंच विकलं जातं. गेमने स्वतःची लॉग फाईल लिहावी अशी सोय करा, म्हणजे 'मध्येच बंद पडला' एवढ्याच तक्रारीतूनही काहीतरी हाती लागतं.

११. हत्ती गेला, शेपूट राहिलं

रिलीजच्या दोन महिने आधी नवीन काहीही घालणं बंद. सुचलेलं सगळं एका वेगळ्या यादीत लिहा.

स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानावर प्रत्येक गेमसाठी १०० डॉलर भरावे लागतात. गेमची कमाई १००० डॉलरच्या पुढे गेली की ते परत मिळतात. पैसे भरल्यापासून ३० दिवस गेलेच पाहिजेत, आणि 'लवकरच येत आहे' असं पान किमान दोन आठवडे दिसत असलं पाहिजे. प्रत्यक्षात ते पान कितीतरी महिने आधी उघडा, कारण विशलिस्ट, म्हणजे 'पुढे घ्यायचा' म्हणून गेम खुणावून ठेवणाऱ्यांची यादी, तिथेच जमते. पान आणि बिल्ड दोन्ही स्टीमची माणसं तपासतात आणि परत पाठवू शकतात. त्यासाठी आठवडाभर हातचा ठेवा. खरेदीनंतर १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून पैसे परत मागता येतात, त्यामुळे पहिल्या दोन तासांवर सर्वांत जास्त हात फिरवा. गेम मोबाईलवर न्यायचा असेल तर गूगल प्लेवरच्या नव्या वैयक्तिक खात्याला आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. बारा माणसं चौदा दिवस टिकवणं वाटतं तितकं सोपं नाही. ती आधीच गोळा करा.

साधारण मशीनवर चालवून पाहा, तुमच्या नेहमीच्या नाही. पडद्याचं वेगळं रिझोल्यूशन, दोन मॉनिटर, वापरकर्त्याच्या नावात इंग्रजीबाहेरची अक्षरं, मध्येच निघालेला कंट्रोलर. बहुतेक तक्रारी यातूनच येतात. विशेषतः तिसरी गोष्ट: सेव्ह फाईलच्या पत्त्यात ते नाव असतं, आणि कोडने तो पत्ता नीट हाताळला नाही तर त्या माणसाचा गेम कधीच सेव्ह होत नाही.

रिलीजनंतरचे तीन-चार आठवडे कॅलेंडरमध्ये आधीच राखून ठेवा आणि शक्य तर नोकरीतून दोन-तीन दिवस सुट्टी घ्या. विकलेल्या आवृत्तीची गिटमध्ये वेगळी शाखा करा, म्हणजे पुढच्या भागाचं अर्धवट काम चुकून दुरुस्तीबरोबर बाहेर जाणार नाही. प्रत्येक पॅचआधी, म्हणजे दुरुस्तीची आवृत्ती सोडण्याआधी, पहिल्या दिवशीच्या बिल्डमधल्या सेव्ह फाईली उघडून पाहा. अशा आठ-दहा फाईली गेमच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरून आधीच काढून एका फोल्डरमध्ये ठेवलेल्या असाव्यात. आणि पॅच झोपायला जाण्याआधी सोडू नका. सोडल्यावर निदान चार तास जागं राहता येईल अशी वेळ निवडा.